बंद पडलेला सुतारकट्टा आणि मागे उरलेली हत्यारं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारचा कट्टा अजून भरतो का?

नाही. जुन्या नाशकातल्या ज्या वाड्यात तो भरायचा तो उतरवला, तेव्हाच बंद झाला. आता तिथे तळमजल्यावर पार्किंग आहे. गल्लीत चौकशी करत फिरू नका, नव्या दुकानदारांना काही माहीत नाही. मिस्त्रीकाकाही आता हयात नाहीत.

कट्टा म्हणजे नेमकं काय होतं? क्लास होता का?

क्लास नव्हता. फी नव्हती, नाव नव्हतं, पाटी तर नव्हतीच. भद्रकालीच्या बाजूला एका वाड्याच्या तळमजल्यावर मिस्त्रीकाकांचं दुकान होतं. रविवारी ते गिऱ्हाइकाचं काम हातात घ्यायचे नाहीत, पण फळ्या मात्र उघडायचे. ज्याला लाकडाचं वेड आहे त्याने यावं, आपलं काम आणावं, अडलं की विचारावं. ओझरला विमान कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ यायचे, पिंपळगावकडचे एक द्राक्षबागाईतदार यायचे, बँकेतले दोघं, आर्किटेक्चरच्या मुली, आणि खरे व्यवसाय करणारे दोन-तीन सुतारही.

गंमत अशी, की काका स्वतः फार बोलत नसत. प्रश्न विचारला की उत्तर दुसराच कोणीतरी द्यायचा, तिसरा ते खोडून काढायचा आणि मग काका हातातलं काम न थांबवता एक वाक्य टाकायचे. रंधा बाकावर आडवा ठेवायचा की पात्यावर उभा, यावर किती चहा रिचवले गेले त्याला गणती नाही. शाळेत शिकलेले म्हणायचे आडवा, म्हणजे धार खराब होत नाही. काका उभाच ठेवायचे. बाकावर लाकूडच आहे, दगड नाही, एवढं त्यांचं म्हणणं. डव्हटेलमध्ये, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवून फळ्या जोडायच्या सांध्यात, आधी शेपटीची बाजू कापायची की खुंटीची, हा वाद तर शेवटच्या रविवारीही चालू होता.

नियम एकच. हत्यार वापरलं तर धार लावूनच जागेवर ठेवायचं.

मग बंद का पडला?

लोक एकच कारण मागतात. ते देता येत नाही, कारण वाडा पडायच्या कितीतरी आधीपासून कट्टा पातळ होत चालला होता.

वाड्याचं कारण सगळ्यांना दिसतं. जुन्या नाशकात दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, त्या यादीत हाही असायचा. मालक आणि भाडेकरू यांचं एकदाचं जमलं आणि बिल्डर आला. यात कोणाला शिव्या घालाव्यात असं मला वाटत नाही. भिंतीला पोटं आली होती.

पण खरं कारण धंद्याचं. प्लायवूड आणि सनमायका आले तेव्हा रंध्याचं काम निम्मं झालं. मॉड्युलर किचन आलं तेव्हा उरलेलं गेलं. आता सुतार साइटवर येतो तो टेबल सॉ, राऊटर आणि नेलगन घेऊन, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला दिवसाकाठी चार कपाटं उभी करायची असतात. काकांची मुलं याच धंद्यात आहेत, चांगलं कमावतात, पण त्यांच्या गाडीत एकही हातरंधा नसतो. व्यवसाय करणारे सुतार रविवारी यायचे बंद झाले आणि कट्ट्यावर फक्त हौशी मंडळी उरली, तेव्हाच मला वाटतं तो संपला. हौशी माणसं एकमेकांना फार छान सल्ले देतात, पण पोटासाठी हजार चौकटी केलेला माणूस मध्ये बसलेला नसला की ते सल्ले हळूहळू हवेत जातात.

आजोबांची सुताराची पेटी माळ्यावर सापडली. आत काय काय आहे ते कसं ओळखू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर.

आधी काहीही पुसू नका, घासू नका. सतरंजीवर सगळं मांडा आणि जसं आहे तसे फोटो काढा. मुठीवर, पात्यावर, रंध्याच्या टाचेला अक्षरं किंवा खुणा असतात. सुतार आपल्या हत्यारावर खाचा पाडून किंवा आद्याक्षर ठोकून ठेवत. घासकागदाने ती खूण गेली की गेली.

लांब लाकडी ठोकळा, मध्ये भोक आणि त्यात पाचर मारून बसवलेलं पातं, हा रंधा. तळ सपाट असेल तर साधा. तळाला गोलाई किंवा नक्षीचा छेद असेल तर तो गलत्याचा, म्हणजे चौकटीच्या आणि फळीच्या कडेला वळण काढायचा. अरुंद पट्टी बाहेर आलेली असेल तर झिरी पाडायचा. रुंद सपाट पात्याच्या त्या पटाश्या. जाड, अरुंद, ठोकून भोक पाडायचं ते किंकरं. लहान दांड्याला काटकोनात बसवलेलं, कुदळीच्या पात्यासारखं तोंड असलेलं हत्यार म्हणजे वाकस, लाकूड तासायचं. दोरी गुंडाळून काठीने पुढे-मागे फिरवायचा तो सामता. हल्लीच्या मुलांना तो खेळणं वाटतो, पण ड्रिल मशीनच्या आधी बहुतेक गोल भोकं त्यानेच पडली. सरकत्या ठोकळ्यातून एक टोकदार खिळा बाहेर आलेला असेल तर तो खतकस, फळीच्या कडेला समांतर रेघ ओढण्यासाठी. त्याशिवाय काटकोन तपासायचा गुण्या, उभी रेघ पाहायचा ओळंबा, घासायच्या कानशी, खिळे उपटायचा जंबूर आणि ठोकायची लाकडी मोगरी.

पेटीत मोजपट्टी असेल तर तिच्यावर इंच आहेत की तसू ते बघा. 24 तसूंचा गज आपल्याकडे चालायचा. इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, हे अजूनही कोणत्याही साइटवर ऐकू येईल.

करवत पाहताना दातांवरून बोट फिरवा, हलकेच. काही जुन्या देशी करवतींचे दात मुठीकडे झुकलेले असतात. त्या ओढताना कापतात. आपला सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करायचा. त्या बैठकीला ओढणं सोयीचं पडतं. अशी करवत "उलटी बसवलीय" म्हणून मूठ काढून फिरवू नका.

लोखंडी रंधा आहे, त्यावर 'स्टॅनले' लिहिलंय. खूप मौल्यवान आहे का?

बहुधा नाही, पण उत्तम आहे. अमेरिकेतल्या लेनर्ड बेली यांनी रंध्याचं पातं स्क्रूच्या चाकाने वर-खाली करायची रचना बसवली. स्टॅनले कंपनीने 1869 मध्ये त्यांचा कारभार विकत घेतला आणि पुढची दीडशे वर्षं जगातला जवळपास प्रत्येक लोखंडी रंधा त्याच धाटणीचा निघाला. नंबरांचा अर्थ सोपा आहे. 4 नंबर साधारण 9 इंच लांब, शेवटचा हात मारायला. 5 नंबर 14 इंच, सगळ्या कामाला. 7 नंबर 22 इंच, लांब फळीची कड सरळ करायला. 'रेकॉर्ड' हा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा. त्यांनी 1931 पासून याच नमुन्याचे रंधे काढले आणि नंबरापुढे शून्य लावलं, म्हणून 05 म्हणजे स्टॅनलेचा 5 च. 'अनंत' हा भारतीय बनावटीचा, त्याच नमुन्यावरचा. तळ आणि पातं जिच्यावर टेकतं ती बेडी घासून सपाट करून घेतली तर चांगलं काम देतो.

4 आणि 5 नंबर लाखोंनी बनले, त्यामुळे त्यांना दुर्मीळ म्हणता येत नाही. विकायचाच असेल तर एक गोष्ट बघा. तळाला किंवा तोंडापाशी तडा आहे का. हा बिडाचा असतो, पडला की तडकतो. तडा असेल तर किंमत गेली. वरवरच्या गंजाने मात्र किंमत जात नाही.

मग पेटी विकू का ठेवू?

ठेवा. निदान एक पटाशी तरी.

गंज कसा काढायचा?

वरवरचा गंज असेल तर रॉकेल आणि तारेचा ब्रश पुरे. खोल असेल तर लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं. एक लिटर पाण्याला साधारण 50 ग्रॅम, त्यात पातं रात्रभर. लाकडी मूठ काढून ठेवा, ती भिजवायची नाही. सकाळी घासून घ्या, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. "लगेच" हा शब्द नाशकात जुलैमध्ये फार महत्त्वाचा, कारण धुतलेल्या पात्यावर तासाभरात नवा तांबूस थर दिसायला लागतो.

फारच गेलेली वस्तू असेल तर विजेचा उपाय आहे. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक हत्याराला, धन टोक भंगारातल्या लोखंडी पट्टीला, आणि दोन्ही एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. पट्टीच्या जागी स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे गच्चीवर करा, बंद खोलीत नको. ही युक्ती कट्ट्यावर ओझरच्या फिटरसाहेबांनी आणली. काकांनी बादलीकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा कानस हातात घेतली.

धार किती अंशाची लावायची? आणि कशावर?

पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला 25 अंशांचा उतार, आणि अगदी टोकाला 30 अंशांची बारीक दुसरी कड. ठोकून भोक पाडायच्या किंकऱ्याला 35 च्या आसपास, नाहीतर कड चुरगळते. लोखंडी रंध्यात पातं 45 अंशांवर, उतार खाली करून बसतं. त्यामुळे 30 ची धार लावली तरी लाकूड आणि उतार यांत 15 अंश मोकळे राहतात. त्याच्याही पलीकडे गेलात तर पातं घासायला लागतं, कापत नाही.

कोणीही आधी उताराकडे वळतं. सुरुवात पाठीपासून, म्हणजे उताराच्या मागच्या सपाट बाजूपासून करा. पात्याची पाठ सपाट नसेल तर उतारावर कितीही मेहनत घ्या, धार येणार नाही, कारण धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. सगळी पाठ घासायची गरज नाही, टोकाकडचे दीड-दोन सेंटिमीटर आरशासारखे झाले की बस.

दगडांवर पैसे घालायची घाई नको. 8 किंवा 10 मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा कोणत्याही काचवाल्याकडे मिळतो. त्यावर पाण्याचा घासकागद चिकटवा, 220, मग 400, 800, 1200, 2000. उतार घासताना पाठीमागे बोटाला खरखरीत कड लागायला लागली की तो नंबर झाला. ती कड शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर धातू चमकवायचं हिरवं पॉलिश लावून मोडायची. काका हे सगळं कुरुंदाच्या एकाच दगडावर करायचे आणि शेवटचे चार हात तळहातावर. तळहाताचं अनुकरण करू नका.

ग्राइंडरवर पातं धरणार असाल तर पाण्याची वाटी शेजारी ठेवा. जुनं पोलाद साधं कार्बनचं असतं. तापून 300 अंशांच्या आसपास गेलं की टोक निळं पडतं, आणि निळं पडलेलं टोक मऊ झालेलं असतं. तेवढा भाग घासून काढून टाकण्याशिवाय इलाज नाही.

धार पाहायला हातावरचे केस कापून दाखवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. खरी परीक्षा मऊ लाकडाच्या टोकावर, जिथे रेषा उभ्या कापल्या जातात. सावरीचा किंवा पाइनचा तुकडा घ्या. कापलेली जागा गुळगुळीत आणि गडद दिसली तर धार आहे. पांढुरकी, चुरडलेली दिसली तर परत काचेवर.

रंधा लाकूड उचकटतो, गुळगुळीत होत नाही. काय चुकतंय?

धार आहे असं गृहीत धरतो. मग लाकूड उलटं फिरवून पाहा, रेषांच्या विरुद्ध जात असाल. तरीही उचकटलं तर पात्यावरची दुसरी लोखंडी पट्टी टोकाच्या अगदी जवळ आणा, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. नेहमीच्या कामाला ती दीड मिलिमीटरवर असते. आणि पातं कमी बाहेर काढा. नवशिके सगळेच फार बाहेर काढतात.

सागवान खरं आहे हे कसं ओळखायचं?

ताजा काप मारून वास घ्या. सागाला चामड्यासारखा, तेलकट वास असतो, आणि एकदा नाकात बसला की विसरत नाही. हाताला किंचित मेणचट लागतं. आडव्या कापात वर्षाच्या कड्या स्पष्ट दिसतात आणि प्रत्येक कड्याच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते. धार पटकन बोथट होत असेल तर तीही खूण, कारण सागात सिलिका असते.

वखारीत तुम्हाला 'वलसाडी', 'सीपी', 'बल्लारशा', 'बर्मा', 'आफ्रिकन' असे शब्द ऐकू येतील. आपल्याला जवळचा साग पेठ, सुरगाणा, हरसूल पट्ट्यातला आणि त्याला लागून असलेल्या डांगाचा. सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा. शब्दावर जाऊ नका, कड्या मोजा. एका इंचात जितक्या जास्त कड्या, तितकं झाड सावकाश वाढलेलं. शेतातल्या लागवडीचा साग झपाट्याने वाढतो, कडेचा पांढरा भाग जास्त असतो आणि वाळवी तिथूनच सुरू करते. पिवळसर-तपकिरी गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही.

स्वतःच्या शेतातला साग तोडायचा असेल तर परस्पर करू नका. महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे, साग त्याच्या यादीत आहे, आणि तोडीला परवानगी व वाहतुकीला पास लागतो.

वाड्याचं जुनं लाकूड विकत घेऊ का?

घ्या, पण डोळे उघडे ठेवून. खांब, तुळया, कडीपाटाच्या कड्या, चौकटी, हे शंभर-दीडशे वर्षं वाळलेलं लाकूड असतं. नव्या लाकडाला इंचामागे साधारण वर्षभर सावलीत वाळवावं लागतं, इथे ते काम होऊन गेलेलं.

पहिली गोष्ट खिळे. लोहचुंबक फिरवल्याशिवाय करवत लावायची नाही. तुटलेल्या खिळ्यांची टोकं आत असतात, वर भोकही दिसत नाही. दुसरी गोष्ट घुण. पिठासारखी पावडर झडत असेल आणि टाचणीएवढी भोकं ताजी, आतून पांढरी दिसत असतील तर किडा जिवंत आहे. ते लाकूड घरात आणू नका.

तिसरी गोष्ट रंग, आणि याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. जुन्या दारांवरच्या ऑइलपेंटमध्ये, आणि विशेषतः खालच्या तांबड्या थरात, शिसं असायचं. शेंदूर म्हणजे रसायनाच्या भाषेत शिशाचंच ऑक्साइड. भारतात घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नको हा नियम 2017 मध्ये लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या कोणत्याही थराबद्दल खात्री नाही. असा रंग कोरडा घासू नका, मशीनने तर मुळीच नको. ओला करून खरवडा, मास्क लावा, घरात लहान मूल असेल तर काम बाहेर करा आणि खरवड गोळा करून बंद पिशवीत टाका.

आणि बिल घ्या. जुनं आहे म्हणून कागद नको असं नसतं.

एक विनंती. नक्षीचा खांब फर्निचरसाठी चिरू नका. सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब, महिरपी, केळफुलं आता कोणी करत नाही. ती एकत्र कशी बसतात ते पाहायचं असेल तर सराफ बाजाराकडच्या सरकारवाड्यात जा. 1840 मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालयही एके काळी तिथेच होतं. वेळ असेल तर आग्रा रोडने चांदवडला होळकरांचा रंगमहाल. खांबावरचा हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारा लाकडी हात, तुळईला कुठे खिळ्याने धरलाय आणि कुठे नुसत्या कुसवाने, म्हणजे लाकडातच कापलेल्या खुंटीने, हे मान वर करून शोधायला आम्ही कट्ट्याची मंडळी जायचो. काका येत नसत. त्यांनी असले खांब वडिलांबरोबर उतरवले होते.

पावसाळ्यात दार घट्ट होतं. रंधा मारून घेऊ?

थांबा. श्रावणात रंधा मारलेलं दार शिमग्याला खडखडतं. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. फळी झाडाच्या कड्यांना स्पर्शून कापलेली असेल तर केंद्रातून कापलेल्या फळीच्या सुमारे दुप्पट हलते. नाशकात एप्रिलची हवा भट्टीसारखी कोरडी आणि ऑगस्टची ओली, मग दार जागचं हलणारच. दसऱ्यापर्यंत वाट पाहा. तेव्हाही घासत असेल तरच मारा, तेही एका सुतापेक्षा जास्त नाही. आणि दाराच्या वरच्या-खालच्या कडेला पॉलिश किंवा रंग लावलाय का बघा. तिथे कोणीच लावत नाही आणि ओल तिथूनच शिरते.

सरस वापरायचा की फेविकॉल?

नव्या कामाला फेविकॉल. 1959 पासून आहे, पक्कं धरतो, सुताराची निम्मी सकाळ वाचवली त्याने. जुन्या खुर्चीच्या दुरुस्तीला सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा डिंक. सरस रात्रभर पाण्यात भिजवायचा, दुहेरी भांड्यात साधारण 60 अंशांवर पातळ करायचा, उकळायचा नाही. वास येतो, घरचे बोलतात. पण सरसाचा सांधा गरम पाण्याने पुन्हा सुटतो आणि जुन्या सरसावर नवा सरस बसतो. फेविकॉलने जोडलेला सांधा एकदा सुटला की आधीचा थर पूर्ण खरवडल्याशिवाय नवा धरत नाही. खुर्ची नातवंडांनी पुन्हा दुरुस्त करावी असं वाटत असेल तर एवढा वास सोसा.

पॉलिश कोणतं?

रोजच्या वापराचं नसेल तर लाखेचं. पाण्याचा, गरम कपाचा डाग पडणार असेल तर ते नको. हत्यारांच्या मुठींना उकळलेलं जवसाचं तेल, पातळ हात. तेलाची चिंधी बोळा करून फेकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

मुलगी शिकू शकते का? हातात ताकद लागते ना?

धार लागते. ताकद धार नसल्यावर लागते.

नाशकात शिकायचं कुठे आणि हत्यारं मिळतात कुठे?

रीतसर हवं असेल तर आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड असतो. प्रवेशाच्या वेळी कोणत्या संस्थेत जागा आहेत ते बघून अर्ज करा. ज्यांचा हाच धंदा आहे त्यांच्यासाठी केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. त्यातल्या 18 व्यवसायांत सुतार आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत आणि 5 टक्के दराने आधी 1 लाख, मग 2 लाखांपर्यंत कर्ज. हौशी मंडळींना ती लागू नाही, विचारू नका.

पक्कड, स्क्रूड्रायव्हर, पाने यांसाठी लांब जायला नको, टपारियाचा कारखाना आपल्याच सातपूरला आहे. जुन्या हातरंध्यासाठी मात्र भंगारवाल्यांशी ओळख हवी. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार 2017 च्या सुरुवातीला महापालिकेने हटवला, तेव्हा आमच्यापैकी कित्येकांचा हक्काचा अड्डा गेला. त्याआधी तिथे किलोवर रंधे मिळायचे. आता बुधवारच्या बाजारात नशीब काढा, किंवा सरळ जुन्या सुताराच्या घरी जा. खंडेनवमीला गेलात तर उत्तम, त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन-पुसून पूजेला मांडलेली असतात आणि माणूस बोलण्याच्या मनःस्थितीत असतो.

कट्ट्याच्या वह्या होत्या म्हणतात. त्या कुठे आहेत?

वह्या तीन प्रकारच्या होत्या. फिटरसाहेबांची, नीटनेटकी, प्रत्येक सांध्याची तिन्ही बाजूंनी आकृती. ती त्यांच्या घरी सुरक्षित आहे आणि सगळी पानं स्कॅन झाली आहेत. दुसरी आमची सामाईक, जिच्यात कोणीही काहीही लिहायचं. चहाचे डाग, हिशेब, वादातली उत्तरं, एका पानावर द्राक्षाच्या मांडवाचं गणित. तिची अर्धी पानं मिळाली. तिसरी वही म्हणजे दुकानाची भिंत. काका मापं, कोन, गिऱ्हाइकांची नावं, कोणत्या वखारीतून कोणती तुळई आली ते पेन्सिलीने भिंतीवर लिहायचे. वडिलांच्या हातचंही त्यात होतं. वाडा उतरवायच्या आधी कोणीतरी मोबाइलवर चार फोटो काढले, ते धुरकट आहेत. कोपऱ्यातल्या भागात खिडकीच्या महिरपीचं पूर्ण मापात काढलेलं चित्र होतं, ते फोटोत आलंच नाही.

आमच्या गावात एक म्हातारे सुतार आहेत. त्यांचं काम नोंदवून ठेवायचं आहे. कसं करू?

लवकर करा. मुलाखत घेऊ नका, काम द्या. एखादा पाट, चौरंग, तुटलेली खुर्ची, आणि योग्य मजुरी. "तुमची कला सांगा" म्हटलं की माणूस भाषण करतो. काम दिलं की हात बोलतात. कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातांवर आणि पायांवरही, कारण लाकूड पाय धरतो. हत्याराला ते जे नाव घेतील तेच लिहा, पुस्तकातलं नको. मालेगावकडे आणि इगतपुरीकडे एकाच वस्तूला एकच नाव असेल असं धरून चालू नका. आवाजही घ्या. रंधा नीट चालतोय की अडखळतोय हे कानाला आधी कळतं, शिकणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. आणि सांधा पूर्ण जोडायच्या आधी, उघडा असतानाच फोटो काढा. जोडल्यावर आतलं काही दिसत नाही.

काका गेले तेव्हा आमच्याकडे त्यांचे हसतानाचे पुष्कळ फोटो होते. करवतीला दात लावतानाचा एकही नव्हता.

कट्टा पुन्हा सुरू करणार का?

जागा द्यायला दोघं तयार आहेत, एक गंगापूर रोडला, एक पंचवटीत. अडचण जागेची नाहीच. रविवारी गिऱ्हाइक सोडून येणारा, धंद्यातला एक तरी सुतार मिळाला तर विचार करू. असा कोणी माहीत असेल तर कळवा. तोपर्यंत करवतीला दात लावून घ्यायचे असतील तर फिटरसाहेब लावून देतात. करवत धुऊन आणायची, आणि फळी उभी चिरायची आहे की आडवी कापायची ते आधी सांगायचं, कारण दोन्हींचे दात वेगळे घासावे लागतात.